शब्दचर्चा : दात्याच्या मुळाशी ‘ताण’ की ‘प्रतिबल’?

विचारणा
डिप्लोमाच्या मुलांसाठी स्पर गियरवर, म्हणजे सरळ कापाच्या दातेरी चाकावर, मराठीत टिपण लिहितोय. ‘बेंडिंग स्ट्रेस’ला (वाकवणाऱ्या भारामुळे आत दर चौरस मिलिमीटरला येणाऱ्या बलाला) मी ‘वाकण्याचा ताण’ लिहिलं होतं, सहकाऱ्याने ते खोडून ‘नमन प्रतिबल’ केलं. काय ठेवू? आणि गियरचा दात की दाता?

प्रतिसाद
दाता. दात माणसाचा; करवतीचा, कंगव्याचा आणि गियरचा दाता, अनेकवचन दाते. म्हणून ‘दात्याच्या मुळाशी’. (देणगीदाराशी गफलत होऊ शकते, पण ‘दाता तुटला’ वाचून कुणी शोकसभा भरवणार नाही.)

‘ताण’ मात्र नको. दाता म्हणजे भिंतीत ठोकलेली खुंटी समजा. ज्या अंगाने तिला रेटलं, त्या अंगाला मुळाशी ताण, म्हणजे खेच, येतो, पाठच्या अंगाला दाब. बेंडिंग स्ट्रेस दोन्हीकडे आहेच. मग ‘वाकण्याचा ताण’ म्हटल्यावर दाबाची बाजू कुठे बसवणार? वारंवार भार येऊन जाणारा तडा बहुधा ताणाच्या अंगाला सुरू होतो. तो शब्द तिथे लागणारच आहे, आधीच खर्चू नका.

प्रतिसाद
आमच्या वर्कशॉपमध्ये सगळे ‘स्ट्रेस’च म्हणतात, पण टिपणात प्रतिबल बरं. खरा घोळ ते काढताना ‘रुंदी’त होतो. अभियंता विल्फ्रेड लुईस यांचं १८९२चं सूत्र असं : प्रतिबल म्हणजे दात्यावरचं स्पर्शरेषेतलं बल भागिले (रुंदी × मॉड्यूल × आकारगुणक). इथली रुंदी म्हणजे शाफ्टच्या दिशेने मोजलेली, दात्याची जाडी नव्हे. जाडीचा हिशेब आकारगुणकात, म्हणजे दात्याच्या आकारावरून ठरणाऱ्या आकड्यात, आलेलाच असतो. मॉड्यूल म्हणजे पिच सर्कलचा (दात्यांच्या मधून जाणाऱ्या कल्पित वर्तुळाचा) व्यास भागिले दात्यांची संख्या.

उदाहरण घ्या : बल २००० न्यूटन, रुंदी ४० मिमी, मॉड्यूल ४ मिमी. २० दाते, दाबकोन (दाते एकमेकांना ज्या कलत्या दिशेने रेटतात तो कोन) २० अंश, म्हणजे आकारगुणक साधारण ०.३२. भागाकार केला की चौरस मिलिमीटरला सुमारे ३९ न्यूटन. हे गियर थांबलेलं असताना. पिच सर्कलवरचा वेग सेकंदाला ३ मीटर असेल आणि दाते साध्या प्रतीचे कापलेले असतील, तर बार्थचा वेगगुणक (फिरण्याचा परिणाम धरणारा आकडा, ३/(३+वेग)) ३/(३+३), म्हणजे निम्मा. त्याने भागलं की प्रतिबल दुप्पट, ७८. मुळाच्या गोलाईपाशी जे प्रतिबल एकवटतं, ते लुईसने धरलेलंच नाही, तेही मुलांना सांगा.

विचारणारा
‘वाकण्याचं प्रतिबल’ ठेवतो. ‘नमन’ फळ्यावर लिहिलं होतं, तर मागचं अख्खं बाक हात जोडून बसलं.