ड्रोनविरोधी तोफा आणि कोल्हापूरच्या फाउंड्री
विमानवेधी तोफा आता कालबाह्य झाल्या, हे मत मला मान्य नाही. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी पाकिस्तानी ड्रोन पाडण्यासाठी ४० मिमीच्या एल-७० आणि २३ मिमीच्या झेडयू-२३ या जुन्याच तोफा कामी आल्या, कारण काही लाखांच्या ड्रोनवर कोट्यवधींचे क्षेपणास्त्र खर्ची घालणे कोणत्याही देशाला फार काळ परवडत नाही. अर्थात, आधुनिकीकरण झालेल्या एल-७०ला रडारची आणि रात्रीही पाहू शकणाऱ्या कॅमेऱ्यांची जोड असते. नुसत्या डोळ्यांनी नेम धरून एवढे लहान लक्ष्य टिपणे फार अवघड. खरी निकड आहे ती लक्ष्याजवळ आपोआप फुटणाऱ्या तोफगोळ्यांची, आणि तेही मुबलक. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतींतल्या फाउंड्रींनी, म्हणजे धातूच्या ओतकाम कारखान्यांनी, तोफगाड्यांच्या सुट्या भागांचा गांभीर्याने विचार करावा, असे कोल्हापूरकर म्हणून मला मनापासून वाटते.