फार्स, प्रहसन की सोंग?

अनुवादिका: मध्ययुगीन स्पेनवरच्या एका लेखाचा अनुवाद करतेय, एका शब्दाशी अडलंय. कॅस्टीलचा राजा एन्रिके चौथा (कारकीर्द १४५४ ते १४७४). ५ जून १४६५ रोजी त्याच्या बंडखोर सरदारांनी आविला शहराच्या तटाबाहेर लाकडी मंच उभारला. वर सिंहासन, त्यावर राजाचा पुतळा. अंगावर सुतकी कपडे, शिवाय मुकुट, तलवार, राजदंड. आरोप वाचून झाल्यावर तोलेदोच्या आर्चबिशपनं, कारिल्योनं, मुकुट काढला. इतरांनी तलवार आणि राजदंड काढून घेतले, शेवटी पुतळाच खाली लोटला. मग राजाच्या अकरा वर्षांच्या सावत्र भावाला, आल्फोन्सोला, तिथंच राजा केलं. याला स्पॅनिशमध्ये ‘आविलाची फार्सा’ म्हणतात. मी ‘प्रहसन’ लिहिलं, संपादकांनी खोडून ‘फार्स’ केलं. काय ठेवावं?

शास्त्रीबुवा: प्रहसनच. दशरूपकांपैकी, म्हणजे संस्कृत नाटकाच्या दहा प्रकारांपैकी एक, नाट्यशास्त्रकार भरतापासून चालत आलेला शब्द. घरात असताना बाहेरून कशाला आणायचा?

बातमीदार: बुवा, प्रहसन बघायला लोक तिकीट काढून जातात. ‘चौकशीचा फार्स’, ‘निवडणुकीचा फार्स’ हे आपण रोज छापतो आणि वाचणाऱ्याला नेमकं कळतं: निकाल आधीच ठरलाय, वरून विधी चाललाय. आविलात तेच झालं. फार्स आता मराठीच आहे.

कुडाळकर: दोन्ही नकोत, ‘सोंग’ घ्या. आमच्याकडे दशावतारी नाटकात राजाचं सोंग घेतलेला माणूस रात्रभर राजाच असतो. पूर्वी सकाळी तोच डोक्यावर पेटारा घेऊन पुढच्या गावी चालू लागायचा. पण रात्री त्याला कोणी खोटा म्हणत नाही. सोंगात श्रद्धाही असते. आविलाच्या सरदारांच्या दृष्टीनं तो विधी खराच होता, ‘फार्सा’ हे नाव तर हेटाळणीचं. सोंग म्हणजे स्व + अंग, स्वांग.

शास्त्रीबुवा: व्युत्पत्ती मान्य. पण ‘सोंगं करू नकोस’ असं आई मुलाला दटावते, ते कोणत्या श्रद्धेनं?

हिशेबनीस: सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, ही म्हण या राजाला तंतोतंत लागू पडते. सरदारांना गप्प करायला जमिनी आणि किताब वाटत सुटला, टांकसाळी बेसुमार वाढू दिल्या, नाणं हिणकस झालं. ज्या हुआन पाचेकोला त्यानं व्हिल्येनाचा मार्क्वेस, म्हणजे बडा उमराव, होईपर्यंत चढवलं, तोच बंडाच्या मुळाशी. आणि बंडानंतरही त्यालाच परत जवळ केलं! अशा माणसाला मराठीत एकच शब्द: हलक्या कानाचा.

अनुवादिका: तो पुढचाच प्रश्न होता. त्याचं टोपणनाव ‘एल इम्पोतेंते’. नपुंसक म्हणू की दुबळा?

बातमीदार: षंढ. सभांमधून सरकारला तेच म्हणतात.

दवाखाना: कृपया नको. शरीराच्या व्याधीला शिवी करून वापरायची ही सवय आपण मोडायला हवी. त्याचं पहिलं लग्न नाव्हाराच्या राजकन्येशी, ब्लांकाशी, १४४० मध्ये झालं आणि १४५३ मध्ये रद्द झालं. कारण काय दिलं, तर करणी केल्यामुळे तो फक्त हिच्याच बाबतीत असमर्थ आहे! पुरावा म्हणून सेगोव्हिया शहरातल्या बायकांच्या साक्षी, की आमच्या बाबतीत तो समर्थ आहे. ब्लांकाला मात्र तेरा वर्षांनी माहेरी पाठवलं. ‘असमर्थ’ लिहा, दोन्ही अर्थ निघतात.

शास्त्रीबुवा: त्याहून नेमका शब्द गीतेत आहे: ‘क्लैब्यं मा स्म गमः’. कृष्ण अर्जुनाच्या शरीराविषयी बोलत नाही, हातपाय गाळण्याविषयी बोलतो. क्लीब!

बातमीदार: क्लीब किती वाचकांना कळेल? शब्द समजावायला तळटीप लागली की अनुवाद फसला.

शास्त्रीबुवा: कळत नाही म्हणून वापरायचा नाही, वापरत नाही म्हणून कळत नाही. असेच शब्द मरतात.

कुडाळकर: ‘फार्सा’चं काय ठरलं?

अनुवादिका: थांबा, अजून एक. १४६२ मध्ये राजाला मुलगी झाली, हुआना. ती राजाची नसून बेल्त्रान दे ला क्वेव्हा या दरबाऱ्याची, अशी विरोधकांनी आवई उठवली, म्हणून ‘ला बेल्त्रानेहा’. १४६८ मध्ये तोरोस दे गिसांदो या ठिकाणी खुद्द राजानंच तिला डावलून सावत्र बहीण इसाबेलला वारस मानलं. ‘बेल्त्रानची’ एवढंच लिहिलं तर?

हिशेबनीस: गावाकडे ‘ती अमक्याची’ म्हणताना जी मान वळते, ती ‘ची’मध्ये पुरेपूर येते. ठेवा.

दवाखाना: अजिबात ठेवू नका. पाच-साडेपाचशे वर्षं ती बदनामी वाहतेय. १५३० मध्ये लिस्बनला मरेपर्यंत ती स्वतःला राणीच म्हणवत होती. मजकुरात हुआना लिहा, टोपणनाव फक्त शत्रूंच्या तोंडी घाला.

हिशेबनीस: इतिहासात ज्या नावानं ओळखतात ते गाळायचं, मग वाचकानं तिला शोधायचं कुठे?

शास्त्रीबुवा: मुळात ‘हुआना’ की ‘खुआना’? तो उच्चार घशातला आहे, ‘ख’ला जवळचा.