'पानाचा आकार' : कसा की केवढा?

शिकवणीवाला, सोलापूर
काल अकरावीच्या पोरांना फळ्यावर लिहून दिलं, 'जनुके पानाचा आकार ठरवतात.' मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, आकार म्हणजे लांबट-गोल, का लहान-मोठा?" मी गप्प. आपण दोन्हीला आकारच म्हणतो. पुस्तकात 'आकारमान' आहे, पण बोलताना कोण म्हणतं? वर वीजबिलात 'स्थिर आकार' आहेच. तुम्ही काय वापरता?

कोरडवाहू
रानात कुणी आकार विचारत नाही. 'पान कसं आहे?' म्हटलं की रुंद, चिंचोळं, पिळलेलं. 'केवढं आहे?' म्हटलं की वीतभर, हातभर. फरक प्रश्नातच आहे की!

शिकवणीवाला
झकास! कारण जनुकंही अशीच दोन तऱ्हेची सापडतात. मोहरीच्या कुळात अ‍ॅरॅबिडॉप्सिस नावाचं बारकं तण आहे, प्रयोगशाळांचं लाडकं. त्यातलं 'अँगुस्टिफोलिया' बिघडलं की पेशी आडव्या नीट पसरत नाहीत आणि पान चिंचोळं होतं. नावाचा लॅटिन अर्थही अरुंद पानांचं असाच. 'रोटंडिफोलिया-३' बिघडलं तर लांबी खुंटते, रुंदी तशीच राहते. हे झालं 'कसं'.

'केवढं'साठी 'डीए-१' हे जनुक बघा. इंग्लंडमधल्या नॉर्विचच्या जॉन इन्स सेंटरमधून २००८ साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली. 'डीए' ही अक्षरं 'दा' या चिनी शब्दाची, म्हणजे मोठा. कोवळ्या पानात आधी पेशी दुभंगत राहतात. मग हे दुभंगणं शेंड्याकडून देठाकडे थांबत येतं आणि पेशी पाणी भरून फुगतात. डीए-१ दुभंगणं वेळेवर थांबवायला लावतं. ते बिघडलं की काम जास्त दिवस चालतं, पेशींची संख्या वाढते, पान मोठं होतं. बीसुद्धा मोठं.

पूर्वभागकर
डीए म्हटल्यावर मला महागाई भत्ताच आठवला.
पण मग फळ्यावरचा 'ठरवतात' हा शब्द मोघम नाही का? हे जनुक तर ब्रेक आहे. उद्या कुणी 'पान मोठं करणारं जनुक' असं छापेल आणि अर्थ बरोब्बर उलटा होईल.
जाता जाता : आमच्या घरी तेलुगू, पानाला 'आकु' म्हणतात. आकार हा शब्द त्यावरूनच आला असं मी तिसरीपर्यंत समजत होतो.

शिकवणीवाला
बरोबर. डीए-१ वाढ 'आवरतं'. 'क्लू' नावाचं जनुक वाढ 'रेटतं', ते बंद पडलं की पान लहान. दोन्हीला 'ठरवतं' म्हटलं की पोरांना काहीच कळत नाही. आता ही दोन क्रियापदंच वापरणार.

कोरडवाहू
'वाढतं'सुद्धा तपासा. ज्वारीच्या कोवळ्या पातीवर, पोंग्यातून (शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांतून) बाहेर आलेल्या भागावर, बॉलपेनने बोटबोटभर अंतरावर रेघा मारा. दोन-तीन दिवसांनी पाती वर सरकलेली दिसेल, पण रेघांमधलं अंतर तेवढंच. वाढ खाली, पोंग्याच्या आत चाललेली असते. म्हणून आमच्याकडे पान 'निघतं' म्हणतात. वालाच्या कोवळ्या पानावर चौकटी काढा, त्या मात्र मोठ्या होत जातात. ते खरं 'वाढणं'.

आणि मोठं पान म्हणजे चांगलं पान, हे रब्बीत खरं नाही. इथली ज्वारी काळ्या रानातल्या साठलेल्या ओलीवर येते. इथियोपियाच्या ज्वारीतून आलेले काही जनुकीय भाग आहेत, त्यांना 'स्टे-ग्रीन', म्हणजे हिरवं राहणारे, म्हणतात. त्यांच्यामुळे फुटवे कमी येतात, वरची पानं लहान राहतात, म्हणून निसवण्याआधी (कणीस बाहेर पडण्याआधी) पाणी कमी खर्च होतं आणि दाणा भरताना ओल शिल्लक राहते.

पूर्वभागकर
पान लहान म्हणजे वैरण कमी. माझा मामा मोहोळकडचा, तो दाण्याआधी कडबा बघतो. मालदांडी ज्वारीचं नाव काढलं की धाटाला किती पाती, हेच सांगत बसतो.

कोरडवाहू
मामाचं चुकत नाही. पण तोही 'आकार' म्हणणार नाही, 'केवढी पाती आली' असंच म्हणेल.

शिकवणीवाला
मग फळ्यावरचं वाक्य असं करतो : 'पान कसं असेल आणि केवढं होईल, यावर जनुकांचा हात असतो, काही वाढ रेटतात, काही आवरतात.' 'हात असतो' परीक्षेत चालेल का, ते मात्र सांगा. जाडीबद्दल अजून कुणी विचारलेलं नाही.