परदेशात पगारातून कापलेल्या पैशांचं पुढे काय झालं? अनुभव सांगा

काल भाच्याचा डॅलसहून फोन आला. पहिली पगाराची स्लिप हातात आली आणि पहिला प्रश्न, "मावशी, हे फायका काय आहे आणि माझे एवढे पैसे कुठे जातायत?" त्याला समजावता समजावता आमची न्यू जर्सीतली वर्षं आठवली, म्हणून हा धागा.

आम्ही दोघंही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर होतो. पगारातून सोशल सिक्युरिटीचे (सरकारी पेन्शन) ६.२ टक्के आणि मेडिकेअरचे (म्हातारपणीचा सरकारी आरोग्य विमा) १.४५ टक्के जायचे, तेवढेच कंपनी भरायची. या दोन्ही कपाती म्हणजेच फायका. पेन्शन मिळायला ४० क्रेडिट लागतात आणि वर्षाला जास्तीत जास्त ४ मिळतात, म्हणजे किमान दहा वर्षं. एच-१बीची मुदत सहा वर्षांची! ग्रीनकार्डचा अर्ज पुढे सरकला नाही तर गाशा गुंडाळायचा. आम्ही गुंडाळला. आता नाशिकला आहोत. भारत आणि अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार नाही, त्यामुळे तिथली वर्षं इथे जोडता येत नाहीत आणि पैसे परतही मागता येत नाहीत. ज्यावर ही कपात झाली ती आमची कमाई त्यांच्या नोंदीत वर्षवार दिसते, हे मला सर्वात जास्त लागतं. किती लोकांचे असे पैसे तिथे राहिले असतील! करार व्हावा असं मनापासून वाटतं.

तुमच्या देशात काय नियम होते, काय मिळालं, काय बुडालं ते लिहा. नव्याने जाणाऱ्या मुलांना उपयोग होईल.

रातराणी_७:
ताई थांबा. भाचा शिकायला गेला होता ना? अजून एफ-१ वरच (विद्यार्थी व्हिसा) आहे का, ओपीटीवर (शिक्षणानंतर त्याच व्हिसावर नोकरी)? असेल तर त्याचा फायका कापायलाच नको!! एफ-१ वाल्यांना पहिली पाच कॅलेंडर वर्षं माफ असतं. डिसेंबरात उतरला असेल तर तेही एक अख्खं वर्ष धरतात, ते बघा. माझ्या कंपनीनेही कापला होता. पेरोलला मेल टाकला, दोन ओळींत. त्यांनी पुढच्या पगारात परत केला. नाही केला तर फॉर्म ८४३ आणि सोबत ८३१६ भरून आयआरएसकडे (तिथलं आयकर खातं) मागायचा. डब्ल्यू-२ (पगार आणि कपातीचं वार्षिक पत्रक) वरचे चौथा आणि सहावा रकाना बघायला सांगा. लोकलमध्ये आहे, दादर आलं.

सांजवेळ (धागाकर्ती):
अगं हो, ओपीटीवरच आहे! दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये गेला. आत्ता लगेच व्हॉट्सअ‍ॅप करते. किती उपकार झाले तुझे.

खेडचा_पाटीवाला:
आमच्या अब्बांनी दुबईत उमेदीची सगळी वर्षं काढली. टॅक्स नाही म्हणून गावात सगळ्यांना वाटायचं मजा आहे. पण पेन्शनही नाही, पीएफही नाही. जे काय ते ग्रॅच्युइटी. पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांचा पगार, त्यापुढे ३० दिवसांचा. आणि पगार म्हणजे बेसिक! घरभाडं, गाडीभाडं धरत नाहीत. अब्बांच्या कंपनीने बेसिक इतका खाली ठेवला होता की शेवटी हातात आलेल्या रकमेत घराचा वरचा मजलासुद्धा झाला नाही. ते काही बोलले नाहीत. बोलणारा माणूसच नाही.

खेड, दापोली, मंडणगडातून आजही पोरं जातायत. त्यांना माझं एकच सांगणं आहे, ऑफर लेटरमध्ये एकूण आकड्याआधी बेसिक बघा. २०२२ पासून नवा कायदा आहे, पूर्वी पाच वर्षांआधी राजीनामा दिला की ग्रॅच्युइटी कापायचे, ते आता बंद झालंय. वर्ष मात्र पूर्ण भरायला हवं.

माहेरवाशीण:
भाऊ, वाचून गलबलून आलं. माझे वडील मस्कतला होते. असंच.

खेडचा_पाटीवाला:
अब्बा बरे आहेत ताई. आता कलमांच्या मागे लागलेत, यंदा मोहोर चांगला आहे.

काळ्या_जंगलाजवळ:
जर्मनी. पेन्शनला १८.६ टक्के, निम्मे आपले निम्मे कंपनीचे. कायमचे परत आलात आणि ६० महिने भरले नसतील तर आपला वाटा परत मागता येतो, पण युरोपियन युनियन सोडून २४ महिने झाल्यावर. कंपनीचा वाटा मिळत नाही. माझ्या नवऱ्याने मागितला आणि मिळाला. मी नाही मागणार. एकदा पैसे घेतले की ते महिने पुसले जातात, आणि २०१७ पासून भारताशी पूर्ण करार लागू आहे, त्यामुळे इकडचा काळ आणि तिकडचा काळ हक्कासाठी जोडता येतो. मी पुन्हा जाईन असं मला वाटतं, म्हणून महिने ठेवलेत. घरात यावरून चर्चा अजून चालू आहे.

अजून एक. गावात नाव नोंदवताना फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. तिथे ख्रिश्चन पंथांपैकी काही लिहिलं तर चर्चचा कर लागतो, आयकराच्या ८ किंवा ९ टक्के, राज्याप्रमाणे. आमचा वसईचा एक मित्र श्रद्धेने कॅथलिक लिहून आला. तो म्हणाला, भरतो, माझं चर्च आहे. मला त्याचं फार कौतुक वाटलं. पण माहीत असून भरणं वेगळं, म्हणून लिहिलं.

दुपारचा_चहा:
वसईकर ना, शोभतंय 🙂 पोरांना शाळेतून आणायला चाललेय, जपानचं आल्यावर लिहिते.

टाचण:
डेप्युटेशनवर जाणाऱ्यांनी सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज हे नाव पाठ करून ठेवा. ईपीएफओ, म्हणजे आपलं पीएफचं कार्यालय देतं. ज्या देशाशी आपला करार आहे तिथे हा कागद दाखवला की ठरलेल्या मुदतीपर्यंत तिकडची कपात होत नाही, पीएफ इथेच चालू राहतो. पहिला करार बेल्जियमचा, २००९ मध्ये लागू झाला. मी अँटवर्पला गेलो तेव्हा एचआरला मीच सांगितलं, त्यांनी मग अर्ज केला. कागद जाण्याआधी काढा. नंतर धावपळ होते.

गलबत:
आमचे हे जहाजावर. आयकरात अनिवासी ठरण्यासाठी लागणाऱ्या १८२ दिवसांचा हिशोब मी ठेवते. सीडीसीवर (खलाशाची नोंदवही) साइन-ऑन आणि साइन-ऑफच्या, म्हणजे जहाजावर चढल्या-उतरल्याच्या तारखा असतात, त्यांचे फोटो प्रत्येक वेळी काढून ठेवते. सीए तेच मागतो. धाग्याशी संबंध कमी आहे पण राहवलं नाही. रत्नागिरीत आमच्या आळीत चार घरं अशी आहेत आणि चारही घरांतल्या बायका हेच करतात.

रातराणी_७:
गलबत ताई, तुम्हा चौघींना मानाचा मुजरा.

पेठेतला_आजोबा:
मी उलट बाजूचा अनुभव देतो. माझी ४० क्रेडिट पूर्ण झाली होती, नंतर ग्रीनकार्ड परत करून पुण्याला आलो. सोशल सिक्युरिटीचे पैसे इथे बँकेत जमा होतात. भारतीय नागरिकाला इथे राहून मिळतात, पण ४० क्रेडिट हवीत किंवा तिथे दहा वर्षं राहिलेला हवा. खाजगी नोकरीवर मिळणाऱ्या या सोशल सिक्युरिटीतून २५.५ टक्के कर तिथेच कापला जातो. दुसरे म्हणजे मेडिकेअर भारतात चालत नाही. इतकी वर्षे भरले तरी दवाखान्याचा खर्च स्वतःचाच. अधूनमधून एक प्रश्नावली पोस्टाने येते, तुम्ही हयात आहात का वगैरे. ती वेळेत भरून पाठवली नाही तर पैसे थांबतात. माझ्या शेजाऱ्यांचे थांबले होते, म्हणून पत्ता बदलला की आधी त्यांना कळवतो.

सांजवेळ, तुमचे दुःख मला समजते. सहा-सात वर्षांवर परत आलेले माझे कितीतरी सहकारी आहेत. त्यांच्या कष्टाचे पैसे आहेत ते. हा प्रश्न आपण विसरता कामा नये.

सांजवेळ:
काका, धन्यवाद. तुम्ही लिहिलंत म्हणून बरं वाटलं.

दुपारचा_चहा:
आले. तर जपान. देश सोडल्यावर दोन वर्षांच्या आत पेन्शनच्या एकरकमी परताव्याचा अर्ज करायचा. किमान सहा महिने भरलेले हवेत, हिशोब जास्तीत जास्त पाच वर्षांचाच होतो. त्यातून २०.४२ टक्के कर कापतात. तोही परत मिळतो, पण त्यासाठी जपानमध्ये राहणारं कोणीतरी कर प्रतिनिधी म्हणून नेमावं लागतं. आमच्या निशिकासाईच्या शेजारीण ओबासाननी हे काम आनंदाने केलं. निघताना मी त्यांना पुरणपोळी दिली होती, त्यांनी डोळे पुसत खाल्ली. अजून दिवाळीला फोन करतात.

भारत-जपान करार ऑक्टोबर २०१६ पासून आहे, त्यामुळे पैसे घ्यायचे की महिने ठेवायचे हा जर्मनीवाल्या ताईंचाच प्रश्न इथेही. आणि रहिवासी कर! तो आधीच्या वर्षाच्या कमाईवर जूनपासून येतो. देश सोडताना उरलेला भरून निघा.

कुळागर:
गोंयचो हांव. मामा पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात स्विंडनला गेले, गोदामात काम. नॅशनल इन्शुरन्स (सरकारी पेन्शन वगैरेसाठीची कपात) दर आठवड्याला कापला जातो. तिथली पेन्शन मिळायला किमान १० वर्षं लागतात, पूर्ण मिळायला ३५. मामांना मडगावला परत यायचंय, पण भारतात राहणाऱ्यांची ब्रिटिश पेन्शन वाढत नाही, सुरू झाली त्याच आकड्यावर गोठते. महागाई इथे थांबते का? म्हातारपणी गावी यावं की आकड्यासाठी तिथे थंडीत राहावं, हे माणसाला ठरवायला लावतात याचा राग येतो.

माहेरवाशीण:
कुणाला कॅनडाचं माहीत आहे का? पुतणी टोरांटोला चाललीय, ती विचारत होती.

टाचण:
कॅनडाशी ऑगस्ट २०१५ पासून करार आहे. सीपीपीचे (तिथली सरकारी पेन्शन योजना) पैसे देश सोडला म्हणून परत मिळत नाहीत, पण बुडतही नाहीत. एक वैध भरणा असला तरी ६० नंतर पेन्शनचा अर्ज करता येतो, आणि ती कुठल्याही देशात मिळते. पुतणीला तिचा सिन नंबर (तिथला सोशल इन्शुरन्स नंबर) आणि टी-४ (पगाराचं वार्षिक पत्रक) जपून ठेवायला सांगा. बाकी रात्री लिहितो, मुलीला ताप आहे.

माहेरवाशीण:
आधी तिच्याकडे बघा दादा. कॅनडाचं उद्या चालेल.