सेंटओएस 7 ची मुदत संपली म्हणून चालतं मशीन हलवायचं का?

रूट_सिंहगड (धागाकर्ता)
30 जून 2024 ला सेंटओएस 7 या सर्व्हरवरच्या लिनक्सची मुदत संपली, म्हणजे दुरुस्त्या येणं थांबलं. मिररलिस्टचा (डाउनलोडचे पत्ते देणारा) सर्व्हर बंद झाला आणि 'यम' (पॅकेजं उतरवणारी कमांड) चालवलं की "कुड नॉट रिझॉल्व्ह होस्ट" यायला लागलं. इलाज सोपा आहे. रेपोच्या (पॅकेजांच्या भांडाराच्या) फायलींत मिररलिस्टच्या ओळी कॉमेंट करा, बेसयूआरएल उघडा आणि तिथे व्हॉल्टचा, म्हणजे जुन्या पॅकेजांच्या साठ्याचा, पत्ता घाला. एपेल (जादा पॅकेजांचं भांडार) असेल तर ते फेडोराच्या आर्काइव्हमध्ये गेलंय, तिकडे वळवा. पॅकेजं पुन्हा उतरतात.

माझं स्पष्ट मत: चालत्याला हात लावू नका. मायग्रेशनचा (नव्या सिस्टीमवर हलवण्याचा) धोशा लावणाऱ्यांना आधी विचारा, डाउनटाइम कोण देणार? आणि नवं ते सुरक्षित हेही थोतांड. मुदत संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी, 1 जुलैला, ओपनएसएसएचमधलं (दुरून लॉगिन करायचं साधन) सुरक्षेचं मोठं भोक जाहीर झालं, ते 8.5 ते 9.7 या आवृत्त्यांत. सेंटओएस 7 वर आहे 7.4. म्हातारा सुटला, तरणे अडकले!

अर्धवटराव_७७
एका भोकातून सुटलात म्हणून पेढे वाटू नका. व्हॉल्ट हे गोठवलेलं भांडार आहे. 'यम अपडेट' दिलं की "नो पॅकेजेस मार्क्ड फॉर अपडेट" येतं आणि साहेब खूश, सगळं अद्ययावत! त्या ओळीचा अर्थ इतकाच की भांडारात नवं काही नाही. ते आता कधी येणारही नाही. जानेवारी 2025 मध्ये आरसिंकमध्ये (फायली कॉपी करणारं साधन) भोकं निघाली. त्यातलं मेमरीतली माहिती फुटण्याचं जुन्या आवृत्त्यांतही होतं. दुरुस्ती 3.4.0 मध्ये आली. तुमच्या 3.1.2 ला व्हॉल्टमधून कोण ठिगळ लावणार?

चाकणकर
धागाकर्त्याशी सहमत, पण कारण वेगळं. आमच्याकडे तपासणीच्या यंत्राचं सॉफ्टवेअर फक्त 7 वर चालतं. ज्यांनी विकलं त्यांनी हात वर केलेत. ते मशीन इंटरनेटला जोडलेलंच नाही. त्याला कुठला हल्लेखोर गाठणार, कँटीनवाला?

शिवाय शहाणपण करून वेळेत सेंटओएस 8 वर गेलेल्यांचं काय झालं आठवा. 8 ला 2029 पर्यंतचं वचन होतं. डिसेंबर 2020 मध्ये घोषणा केली आणि 2021 संपताना गाशा गुंडाळला. 7 वाले मात्र 2024 पर्यंत निवांत होते.

मेधा_डेवऑप्स
चाकणकर, तुमचं मशीन एकटं आहे, ठेवा की. त्यावर वादच नाही. वाद आहे तो वेबसाइट चालवणाऱ्या 7 चा. त्यावर पीएचपी 5.4 (वेबसाइटच्या कोडाची भाषा) आणि मारियाडीबी 5.5 (डेटाबेस). ही दोन्ही मूळ प्रकल्पांनी कधीच सोडली होती, सेंटओएसमागची कंपनी रेड हॅट मागून ठिगळं लावत होती म्हणून आपण तगलो. आवृत्तीचा आकडा तोच ठेवून आत दुरुस्ती, ही त्यांची पद्धत. स्कॅनर आकडा बघून बोंबलला की आपण ऑडिटरला हेच तर समजावायचो. आता ठिगळच येत नाही, तर काय समजावणार?

आणि नोड 18 (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) घालून बघा. त्याला जीलिबसी (सगळ्या प्रोग्रामांची पायाभूत लायब्ररी) 2.28 लागतं, 7 वर आहे 2.17. मग कुणीतरी अतिहुशार जीलिबसी हाताने बदलतो आणि पुढच्या क्षणी 'एलएस' ही फायलींची यादी दाखवणारी साधी कमांड सुद्धा चालत नाही. (हसू नका, हे प्रत्यक्षात होतं.)

रूट_सिंहगड
मेधाताई, पीएचपीवरच तर माझं घोडं अडलंय. अल्मा 8 वर (अल्मा म्हणजे सेंटओएसच्या जागी आलेलं लिनक्स) पीएचपी 7.2 मिळतं आणि जुन्या कोडातलं डेटाबेसला जोडणारं 'मायएसक्यूएल कनेक्ट' 7.0 पासून काढूनच टाकलंय. सगळा कोड कोण लिहिणार? ज्याने लिहिला तो केव्हाच नोकरी सोडून गेला.

अर्धवटराव_७७
मग कोडाची तक्रार आहे, डिस्ट्रोची (लिनक्सच्या वाणाची) नाही. नवीन अल्मा 9 घ्या आणि जुनं अॅप सेंटओएस 7 च्या कंटेनरमध्ये (बाकी सिस्टीमपासून वेगळ्या डब्यात) कोंडा. पुढे रिव्हर्स प्रॉक्सी (बाहेरच्या विनंत्या आधी झेलणारा सर्व्हर), बाकी पोर्टं बंद. अॅपची भोकं राहतील, पण निदान कर्नल आणि एसएसएच तरी ताजे. फक्त कंटेनरात सिस्टीमडी (सेवा सुरू करणारा प्रोग्राम) चालवायला जाऊ नका, त्याच्या 7 वरच्या 219 आवृत्तीला अल्मा 9 ची सीग्रुप व्ही 2 (मेमरी-सीपीयू वाटून द्यायची पद्धत) कळत नाही.

चाकणकर
म्हणजे फिरून 7 आलंच की!

अर्धवटराव_७७
आलं, पण गजाआड.

मेधा_डेवऑप्स
जागच्या जागी उडी मारायची तर अल्माचं एलिव्हेट हे अपग्रेडचं साधन आहे. 7 वरून आधी 8, मग 9, थेट नाही. आधी प्रीअपग्रेड (अपग्रेडपूर्वीची तपासणी) चालवा आणि अहवालात 'इनहिबिटर' (अडथळा) म्हणून जे येईल ते निपटा. एपेलची पॅकेजं मागे लटकतात. ती काढून टाका, नंतर पुन्हा घाला. आणि क्रॉनमधल्या (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या) पायथन स्क्रिप्ट तपासा. 8 वर नुसतं 'पायथन' नावाचं काही नसतं, रात्रीचा बॅकअप गुपचूप बंद पडतो.

रूट_सिंहगड
प्रीअपग्रेड मशीनच्या क्लोनवर (हुबेहूब प्रतीवर) चालवून बघतो. मत अजून तेच आहे हां. पण एक विचारायचंय: इनहिबिटरमध्ये नेटवर्क कार्डाचं नाव आलं तर? एथ0 आणि एथ1 अशी दोन आहेत.

मेधा_डेवऑप्स
येणारच. कर्नलने दिलेल्या 'एथ' नावाची एकाहून जास्त कार्डं असली की तो अडतो. यूडेव्हचा (उपकरणांची नावं ठरवणाऱ्या प्रोग्रामचा) नियम लिहून दुसरी नावं द्या, आयएफसीएफजीच्या (नेटवर्क सेटिंगच्या) फायलीही बदला. आणि हे करताना कन्सोल हाताशी ठेवा, एसएसएचवरून नको.