कुलेशोव्ह परिणाम शिकवणारा गेम: विद्यार्थी नुसतं क्लिक करत सुटतात

प्रश्न:
चित्रपट-अभ्यासाच्या पहिल्या वर्षासाठी ट्वाइनमध्ये (ब्राउझरमध्ये चालणाऱ्या गोष्टी-गेम बनवायचं साधन) छोटा गेम केलाय. कुलेशोव्ह परिणाम म्हणजे चेहरा तोच, पण शेजारी कोणता शॉट जोडलाय त्यानुसार प्रेक्षकाला त्यावर वेगळी भावना दिसते. निर्विकार चेहऱ्याचा एकच शॉट, त्याला आलटून पालटून सूपची थाळी, शवपेटी आणि खेळणारी मुलगी जोडली. प्रत्येक क्लिपनंतर ‘त्याला काय वाटतंय?’ आणि चार पर्याय, बरोबर उत्तराला गुण. मिनिटभरात गेम संपतो, संकलनाबद्दल कुणी काही बोलत नाही. शिवाय क्लिप बदलताना पडदा क्षणभर काळा होतो.

उत्तर १:
पर्याय आधी काढून टाका. कात्री विद्यार्थ्याच्या हातात नाहीच, तो फक्त परीक्षा देतोय. चेहरा ७२ फ्रेम ठेवा (सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगाने ३ सेकंद), दुसऱ्या शॉटची लांबी आणि क्रम त्याला ठरवू द्या.

आणि हे महत्त्वाचं: तिन्ही जोड्या एकालाच दाखवू नका. दुसऱ्या वेळी चेहरा तोच आहे हे कळतं, मग तो बघणं सोडून कोडं सोडवायला लागतो. वर्गाचे तीन गट करा, प्रत्येकाला एकच जोडी द्या, उत्तर स्वतःच्या शब्दांत, एका ओळीत लिहून घ्या. नंतर त्या ओळी शेजारी शेजारी लावा.

उत्तर २:
गुणही नकोत. सोव्हिएत दिग्दर्शक कुलेशोव्हच्या प्रयोगाची मूळ फिल्म आज हाती नाही, थाळी-शवपेटी-मुलगी हा तपशील त्याचा शिष्य पुदोव्हकिनने लिहिलेला आहे. १९९२मध्ये प्रिन्स आणि हेन्स्ली या अभ्यासकांनी प्रयोग पुन्हा केला तेव्हा अपेक्षित परिणाम दिसलाच नाही. मग ‘बरोबर उत्तर: दुःख’ कशाच्या जोरावर लिहायचं?

तुमचे शॉटही तपासा. चेहऱ्याची नजर खाली असेल तर थाळी वरून टिपलेली हवी. उजेडाची दिशा जुळली नाही तर दोन वेगळ्या खोल्या वाटतात आणि जोड बसत नाही. ओठांचा कोपरा जरासा जरी हलला, तर प्रेक्षक संकलन नव्हे, अभिनय वाचतो.

उत्तर ३:
काळा पडदा येतो कारण एकाच प्लेअरमध्ये फाइल बदलली की ब्राउझर ती नव्याने उघडतो. दोन प्लेअर एकावर एक ठेवा: वरचा चालू असताना खालच्यात पुढची क्लिप भरून पहिल्या फ्रेमवर थांबवा, कटच्या क्षणी वरचा लपवा.

विद्यार्थ्यांना मधूनच कापू देणार असाल तर की-फ्रेमही (व्हिडिओ फाइलमध्ये पूर्ण साठवलेली फ्रेम, मधल्या फ्रेम तिच्या आधाराने उलगडतात) जवळ आणा. एक्स२६४ हा व्हिडिओ एन्कोडर मुळात २५० फ्रेमपर्यंत अंतर ठेवतो, म्हणजे जवळपास १० सेकंद, त्यामुळे हव्या फ्रेमवर उडी मारताना चित्र अडकतं. १२ ठेवा. फाइल थोडी फुगेल, चालतं. क्लिपला आवाज असेल तर सुरुवातीला ‘सुरू करा’ बटण द्या. क्लिक झाल्याशिवाय ब्राउझर सहसा आवाजासकट क्लिप आपोआप सुरू होऊ देत नाही.