हंगर गेम्स वाचताना छातीत धडधड होते आणि तरी सोडवत नाही, असं का?

गच्चीवरची
मी सोलापूरची, बारावी झाली, मेडिकलची नीट परीक्षा रिपीट करायलेय. मे महिन्यात आम्ही गच्चीवर झोपतो, घरात पंखा नुसती गरम हवा फेकतो. तिथं मोबाईलवर हंगर गेम्स या इंग्रजी कादंबरीचा पहिला भाग तीन रात्रीत संपवला, त्यात सरकार चिठ्ठ्या काढून पोरं निवडतं आणि त्यांना एकमेकांशी मरेपर्यंत लढायला लावतं. भुताच्या गोष्टींनी मला काही होत नाही, पण हे वाचताना हात गार पडले, आणि मारामारीला नाही बरं का, सगळ्यात जास्त सुरुवातीच्या त्या नावाच्या चिठ्ठ्या काढायच्या सीनला. आमच्या क्लासमध्ये रविवारी टेस्ट, सोमवारी भिंतीवर यादी लागते, तेव्हा पोटात जसं होतं ना डिट्टो तसंच. आई म्हणते अभ्यासाचं टेन्शन कमी पडलं काय म्हणून हे वाचायलीस. पण वाचून झालं की मला हलकं वाटतं ओ, हे तिला कसं सांगू? आणि पुढचे दोन भाग वाचू का नको?

लूमवाल्याचा पोरगा
चिठ्ठीचा सीन भारीच आहे बे. कारण ते नशीब नाहीच, हिशोब आहे. १२व्या वर्षी एक चिठ्ठी, मग दरवर्षी एक वाढते, आणि घरात खायला नसेल तर धान्य-तेल घ्यायचं आणि त्याच्या बदल्यात जादा चिठ्ठ्या टाकायच्या. हिरोईन कॅटनिस १६ची, तिच्या २० चिठ्ठ्या. तिचा मित्र गेल १८चा, घरात खाणारी तोंडं जास्त, त्याच्या ४२. म्हणजे रेशन उचललं की मरायचा चान्स वाढला, आणि श्रीमंताच्या पोराच्या मोजून पाच-सहा. माझे वडील यंत्रमागावर आहेत, मला तर हे भविष्यातलं बिविष्यातलं काही वाटलंच नाही.

काका पार्क चौक
आम्ही तुमच्या वयात नारळीकर वाचायचो, डोक्याला खाद्य मिळायचं. इथं ऊन ४४ डिग्री, नळाला चार-पाच दिवसाआड पाणी, अजून वेगळा डिस्टोपिया, म्हणजे असल्या भयाण जगाची गोष्ट, विकत आणून कशाला वाचायचा?

लूमवाल्याचा पोरगा
काका 😂 पण आपल्या गावात १९३०ला इंग्रजांचा मार्शल लॉ लागला होता की, जानेवारी १९३१ला चौघांना फाशी दिली, त्यांच्या पुतळ्यावरून तुम्ही रोज जाताय.

शेंगाचटणी
गच्चीवरची, मी इंग्रजी शिकवते म्हणून जरा लांबण लावते, सांभाळून घे. मूळ पुस्तकाचा काळ बघितलास का? सगळं वर्तमानकाळात आहे, मी उठते, मी पळते, मला आवाज येतो. "त्या दिवशी मी पळाले" असं कुणी सांगायला लागलं की आपल्याला कळतं, चला, बाई वाचली, आता निवांत बसून सांगायलीय. इथं ती सोयच नाही, पुढच्या ओळीत काय होईल तिलापण माहीत नाही. आणि टेन्शन आलेल्या माणसाचं डोकं असंच चालतं, त्याला "नंतर" दिसतच नाही, फक्त आत्ता. म्हणून तुझे हात गार पडतात. फरक एवढाच की पुस्तकाला शेवटचं पान असतं, तुझ्या सोमवारच्या यादीला नसतं, हलकं वाटतं ते बहुतेक त्याच्यामुळं.

डायव्हर्जंट (२०११) ही अशीच दुसरी कादंबरीपण वर्तमानकाळातच आहे. त्याची लेखिका व्हेरॉनिका रॉथ स्वतःच्या अँग्झायटीबद्दल उघड बोललेली आहे. ज्याची भीती वाटते त्याच्यासमोर माणसाला हळूहळू नेऊन उभं करायचं, ही उपचाराची पद्धत तिनं कॉलेजात सायकॉलॉजीच्या तासाला ऐकली आणि पुस्तकात इंजेक्शन देऊन भीती दाखवायची टेस्ट आणली. समोर कावळे येतात, पाणी चढतं, आणि ठोके खाली आणल्याशिवाय नाहीतर भीतीला तोंड दिल्याशिवाय सुटका नाही. त्यातल्या हिरोला फोर म्हणतात कारण त्याच्या भीत्या चारच. माझ्या मोजायला बसले तर नावच लांबलचक होईल. मला त्यात एकच पटत नाही, तिथं सगळं काही मिनिटांत उरकतं, खऱ्या उपचाराला आठवडे-महिने जातात.

पुढचे भाग वाच, पण तिसरा टेस्टच्या आदल्या रात्री नको. त्यात लढाई संपते, भीती संपत नाही. कॅटनिस कपाटात लपून बसते, तिच्यासारखेच खेळातून वाचलेले दोघं, फिनिक दोरीच्या गाठी मारत बसतो, पीटा प्रत्येक गोष्टीला विचारतो हे खरं का खोटं. शेवटी ती कुणी कुणी काय चांगलं केलं त्याची मनातल्या मनात यादी करते, तेवढ्यावर दिवस काढते. मला हा शेवट आवडतो, बऱ्याच जणांना आवडला नाही.

आणि पुस्तक हातात नसताना पण धडधड, झोप नाही असं व्हायलंय का? तसं असेल तर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन कर, सरकारी आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात.

गच्चीवरची
थँक्यू ताई. यादीच्या आदल्या रात्री झोप येत नाही हे खरंय, नंबर सेव्ह केला. आईला चिठ्ठ्यांचा हिशोब सांगितला तर म्हणाली, मग त्या पोरीची आई काय करायली होती? म्हटलं नवरा खाणीत वारला तेव्हापासून ती गप्पच झालेली, पोरीनंच घर चालवलं. आई जरा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, पुढं?

आता रोज रात्री गच्चीवर तिलाच सांगायलेय, आणि ती मधेमधे कॅटनिसला शिव्या घालते. दुसरा भाग रविवारी, टेस्ट झाल्यावर.